ओल्या फडक्यातला टॅब

"टॅब लई स्लो चालतोय." हे वाक्य मी दुकानात जितक्या वेळा ऐकलं, तितक्या वेळा घरात कुणी मला नावानं हाकही मारली नसेल. गिऱ्हाईक काउंटरवर टॅब ठेवायचं, नापास होऊन आलेल्या पोराकडे बघावं तसं त्याच्याकडे बघायचं आणि मग माझ्या खांद्यावरून आत डोकावत विचारायचं, "दुकानदार नाहीत का?" दुकानदार मीच, हे सांगून सांगून तोंड दुखलं. शेवटी शेवटी मी मागच्या पडद्याकडे तोंड करून "अहो, बाहेर या, गिऱ्हाईक आलंय" अशी हाक मारायचे आणि स्वतःच वळून म्हणायचे, "बोला." काही लोक हसायचे. बाकीचे पडद्याकडे बघत वाट पाहत उभे राहायचे.

दुकान उस्मानपुऱ्यात होतं, मुख्य रस्त्यावरून आत वळलं की औषधाचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्या मध्ये. त्याआधी मी वाळूजला एका कंपनीत सर्किटवर सोल्डरिंग करायचे. हात तिथं बसला, तोंड दुकानात सुटलं. आता डोळे दगा द्यायला लागले म्हणून दुकान दुसऱ्याच्या हवाली करून घरी बसले आहे. या अंकाच्या संपादकबाईंनी लिहायला सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "टॅबच्या दुरुस्तीवरचं कोण वाचणार?" त्या म्हणाल्या, "मी वाचेन. माझाही स्लो चालतोय." मग लिहिणं भागच पडलं.

लोकांना वाटतं, यंत्र म्हातारं झालं की हळू होतं. वयाचा दोष थोडाच असतो. बहुतेक टॅब पोट भरल्यामुळे सुस्तावतात, म्हणजे आत फोटो, व्हिडिओ आणि नको ती ॲप्स इतकी कोंबलेली असतात की त्याला हलायला जागा उरत नाही. काही तापल्यामुळे मुद्दाम हळू होतात. काहींची बॅटरी थकलेली असते, आणि काहींच्या आत ओल शिरलेली असते. यावरचा पहिला उपाय सगळ्यांना माहीत असतो आणि कुणीच केलेला नसतो, तो म्हणजे टॅब पूर्ण बंद करून पुन्हा चालू करणं. माझ्या दुकानात आलेले कितीतरी टॅब एवढ्यानंच बरे होऊन घरी गेले. पण मी आधी टॅबला हात लावत नसे, माणसाला प्रश्न विचारत असे. तो कुठं ठेवता, घरात कोण कोण वापरतं, सकाळी बिघडतो की दुपारी? माणसं खोटं बोलत नाहीत, फक्त त्यांना जे सांगण्यासारखं वाटत नाही ते गाळतात. नेमकं तेच मला हवं असायचं.

आमच्या गल्लीतल्या एका निवृत्त गुरुजींचा टॅब असाच पोट फुगून आला होता. उघडून बघितला तर आत नुसते देव. रोज सकाळी कुणी ना कुणी शुभेच्छांबरोबर देवाचं चित्र पाठवायचं आणि गुरुजींनी एकही पुसलं नव्हतं.

"गुरुजी, हे काढावं लागेल."

"देवाचा फोटो कचऱ्याच्या डब्यात टाकू म्हणता?" गुरुजींचा आवाज चढला. टॅबमध्ये पुसायच्या खुणेला नेमकं कचऱ्याच्या डब्याचं चित्र असतं, त्याला मी तरी काय करणार?

मी म्हणाले, "गुरुजी, गणपतीचं विसर्जन करतोच की आपण. तो काय राग धरतो?"

गुरुजी विचारात पडले. मग त्यांनी चपला काढल्या, काउंटरवरच्या टॅबला हात जोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले, "पुनरागमनाय च" एवढं मला स्पष्ट ऐकू आलं, आणि स्वतःच्या बोटानं सगळं पुसलं. टॅब असा पळायला लागला की त्यांना तो आपलाच आहे हे पटेना. दुसऱ्या दिवसापासून देव पुन्हा यायला लागलेच. मग दर संकष्टीला गुरुजी येऊन विसर्जन करून जायचे. घरी का करत नाही, असं विचारलं तर म्हणाले, "तुमच्या समोर केलं म्हणजे मनाला बरं वाटतं."

दुष्काळाच्या वर्षांत शहराचा उन्हाळा वेगळाच असायचा. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही आणि शहर तर बीड बायपासच्या पलीकडे पसरत चाललेलं. जिथं कालपर्यंत ज्वारी होती तिथं आज प्लॉटचे दगड, परवा तिथं चार मजले, आणि त्या चार मजल्यांसमोर टँकर. अशाच एका टँकरचे मालक सलीमभाई. गाडी कुठं भरली, कुठं रिकामी केली हे दाखवायला त्यांनी गाडीत काचेमागे टॅब लावला होता. क्रांती चौकात गाडी आडवी लावून ते एकदा तावातावानं दुकानात आले. मला ते बाजी म्हणायचे, म्हणजे ताई.

"बाजी, ये टॅब दोपहर कू सो जाता. सुबे अच्छा चलता. रात कू अच्छा चलता. दोपहर में हाथ लगाओ तो बोलता, मेरे कू आराम होना."

मी टॅब हातात घेतला आणि चटका बसून खाली ठेवला. काचेमागे मे महिन्याचं ऊन. टॅब फार तापला की स्वतःला वाचवायला काम कमी करतो, हे मी त्यांना सांगितलं.

"मतलब मेरे से ज्यादा अक्कल है इस में," सलीमभाई म्हणाले आणि कपाळाचा घाम पुसला. मी टॅब काचेपासून काढून सीटखालच्या सावलीत बसवायला सांगितलं. तेवढंच काम. त्या बदल्यात त्यांनी आमच्या इमारतीची टाकी भरून दिली. त्या आठवड्यात शेजारणी माझ्याशी फार गोड बोलत होत्या.

पण मला सांगायचं आहे ते हिराबाईंबद्दल.

त्याच उन्हाळ्यात मारुती नावाचा एक माणूस दुकानात आला. शेंद्र्याच्या एका कारखान्यात कामाला होता, मुकुंदवाडीला स्टेशनच्या बाजूला राहायचा. आईचा टॅब घेऊन आला होता.

"ताई, व्हिडिओ कॉल लावला की चित्र अडकतंय. माणूस थिजल्यावानी दिसतो. आवाज येतो, चित्र नाय."

"आवाज येतोय ना? मग बोलणं तर होतंच," मी म्हणाले. चित्र अडकलं तर लोक फार तर कुरकुर करतात, गप्पा चालूच राहतात.

मारुती म्हणाला, "आईला ऐकू येत नाय, ताई. बोलता बी येत नाय. हातानं बोलती. चित्र अडकलं की तिचं सगळंच अडकतं."

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. मग मी त्याला स्टूल दिलं आणि नेहमीचे प्रश्न विचारायला घेतले. त्यानं सांगितलं ते असं. त्याच्या आईला लहानपणी ताप आला आणि कान गेले. माणसं त्यांची धनगराची. हिराबाईंचं सगळं आयुष्य मेंढरामागं गेलेलं, पैठणकडच्या गावात. शाळेत शिकवतात ती हातांची भाषा त्यांना माहीत नव्हती. त्यांच्या खुणा त्यांच्या आणि त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, गयाबाईंच्या. दोघींनी लहानपणी रानात बसून तयार केलेल्या. मारुतीला त्यातल्या कामापुरत्या यायच्या. नवरा वारल्यावर हिराबाई मारुतीकडे शहरात आल्या आणि आपली मेंढरं गयाबाईंकडे अर्धलीनं ठेवून आल्या, म्हणजे राखायची गयाबाईंनी आणि होतील ती कोकरं दोघींत निम्मी. मोबाईलच्या पडद्यावर बोटं नीट दिसत नाहीत म्हणून मारुतीनं हा टॅब घेतला होता. रोज संध्याकाळी दोघी बहिणी त्याच्यासमोर बसायच्या.

"आणि आता घाई कशाची?" मी विचारलं, कारण त्याचा पाय सारखा हलत होता.

"चारा संपला, ताई. धरणाचा तळ उघडा पडलाय, तिथल्या गाळात जे काय हिरवं हाय त्याच्यावर मेंढरं जगवतेत. आता विकावीच लागतेल. बाभळीच्या पाल्यावर मावशी दाराशी चार-पाच जगवंल, जास्त नाय. पण तिचं म्हणणं हाय, हिरीची मेंढरं हिरीनं निवडल्याबगर मी व्यापाऱ्याच्या गाडीत चढवणार नाय."

"मग आईला घेऊन जा की गावाला."

"टँकरच्या गर्दीत घागर घेऊन पडली. मांडीचं हाड मोडलं. खाटेवर हाय."

मला मेंढरातलं काही कळत नाही. माहेरी आमच्याकडे शेती होती, पण मेंढरं म्हणजे पीक निघाल्यावर शेतात बसवायला येणारी पाहुणी एवढीच ओळख. मी विचारलं, "मावशींना माहीत नाही का कुठली ठेवायची?" मारुतीनं मान हलवली. खुणा असतात, कान कातरलेले असतात, त्यावरून कुणाची ते कळतं. पण कुठली मेंढी कोकराला पाजते, कुठली दुसरीच्या कोकराला लाथ मारते, कुठली कळपाला ओढून नेते, हे जिनं वाढवली तिलाच ठाऊक. आणि त्यांच्यात रीतच अशी की आपलं जनावर दुसऱ्याच्या हवाली करताना मालकानं त्याच्याकडे बघून, पाठीवरून हात फिरवून निरोप द्यायचा. हात काही पोहोचणार नव्हता. निदान डोळे तरी पोहोचावेत, अशी गयाबाईंची धडपड होती.

मी टॅब साफ केला. नको ती ॲप्स काढली, जागा मोकळी केली, माझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून बघितला. चित्र छान. मारुतीचा जीव भांड्यात पडला आणि तो गेला.

दोन दिवसांनी परत हजर. टॅब पुन्हा अडकत होता आणि वर नवीनच खोड लागली होती. कुणी हात न लावता पडद्यावर आपोआप बटणं दाबली जात होती. कॉल मध्येच कटायचा, भलतंच काहीतरी उघडायचं. शेजारची एक बाई म्हणे टॅबवरून लिंबू उतरवून गेली होती.

आपोआप बटणं दाबली जाणं हे ओलीचं लक्षण. पडद्याला बोट आणि पाण्याचा थेंब यातला फरक नीट कळत नाही. "पाणी लागलं का?" मी विचारलं.

"शपथ घेतो, ताई. एक थेंब नाय. प्यायला पाणी नाय, टॅबला कुठलं घालू?"

त्याचं बोलणं खरं वाटत होतं आणि टॅबही खोटं बोलत नव्हता. असा पेच पडला की मी एकच गोष्ट करायचे, टॅब राहतो ते घर बघायला जायचे. संध्याकाळी दुकान बंद करून मी मारुतीबरोबर मुकुंदवाडीला गेले.

गच्चीवर पत्र्याची खोली. दिवसभर तापलेला पत्रा अजून धग टाकत होता. खाटेवर हिराबाई बसलेल्या, एक पाय पट्ट्यांत जखडलेला, कपाळावर कुंकवाच्या जागी मोठं गोंदण, आणि माणसाला एका नजरेत वाचून काढणारे डोळे. मारुतीनं माझ्याकडे बोट दाखवून टॅब दुरुस्त केल्याची खूण केली. त्यांनी दोन्ही हातांनी माझा चेहरा कुरवाळला आणि कानशिलावर बोटं मोडली.

मी मारुतीकडून टॅब घेतला आणि खुणेनंच विचारलं, हा दिवसभर कुठं असतो? हिराबाईंना प्रश्न लगेच कळला. त्यांनी मोठ्या अभिमानानं टॅब माझ्या हातातून घेतला. खाटेशेजारी पाण्याचा माठ होता, त्याला ओलं फडकं गुंडाळलेलं. माठाच्या अंगाला टेकवून त्यांनी टॅब ठेवला. आपल्या पेल्यातलं पाणी दुसऱ्या फडक्यावर शिंपडलं, फडकं पिळलं आणि टॅबला अंगावर पांघरूण घालावं तसं नीट गुंडाळलं. मग माझ्याकडे बघून त्यांनी टॅबच्या पाठीला हात लावून चटका बसल्यासारखा मागे घेतला, आणि दोन्ही हातांत काहीतरी लहानसं धरून छातीशी घेतल्याची खूण केली.

"कोकराची खूण हाय," मारुती हळू आवाजात म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "उन्हाचं कोकरू तापलं की ओल्या फडक्यात गुंडाळतेत. आई, अगं काय करून ठेवलंस!" त्याला हे खरंच माहीत नव्हतं. तो कामाला गेल्यावर हे चालायचं आणि तो यायच्या आत फडकं वाळूनही जायचं.

इतर कुणी असतं तर मी फाडफाड बोलले असते. टॅबला पाणी दाखवणाऱ्यांवर माझा भारी राग. पण ही बाई आपल्या वाटणीच्या पिण्याच्या पाण्यातून टॅबला थंड ठेवत होती. तिला वाटत होतं, हा तापला म्हणून थकतो, आणि तिचा अंदाज चुकलाही नव्हता. पत्र्याखाली टॅब तापायचा म्हणूनच हळू व्हायचा. फक्त तिनं केलेल्या उपायानं चार्जिंगच्या फटीतून ओल आत चालली होती. मला तिचा राग आला नाही. उलट मी उगीचच मारुतीवर ओरडले, "त्यांना काय बोलतोस? पत्र्यावर आधी पाचट टाक!"

मग मी हिराबाईंना समजावलं. फडकं सोडलं, फटीकडे बोट दाखवलं, पाण्याचा थेंब आत शिरल्याची खूण केली आणि कोकरू मान टाकतं तशी माझीच मान टाकली. त्यांनी तोंडावर हात दाबला. डोळे भरले. मी घाईघाईनं खूण केली की मी याला बरं करते, मरत नाही. मग स्वयंपाकाच्या कोपऱ्यातली स्टीलची परात घेतली, सावलीला उपडी घातली आणि कोरडा टॅब तिच्यावर ठेवून दाखवला. स्टील उष्णता ओढून घेतं. पाण्याची गरज नाही. हिराबाईंनी परातीला हात लावून बघितला, टॅबला लावून बघितला आणि मान डोलावली.

टॅब मी दुकानात नेला. व्यापाऱ्याची गाडी बाजाराच्या दिवशी सकाळी येणार होती आणि बाजार परवावर आला होता. मारुतीनं विचारलं, "व्हईल ना, ताई?" मी "होईल" म्हणाले, पण उघडून बघितल्यावर माझ्याच तोंडचं पाणी पळालं. बॅटरी फुगून पोळीसारखी टम्म झाली होती आणि सर्किटवर जागोजाग बुरशीसारखा हिरवट पांढरा गंज चढला होता. हल्लीचे टॅब डिंकानं चिकटवलेले असतात, दुरुस्त करायचेच नाहीत अशा बेतानं बनवलेले. मला या धंद्यात खंत वाटते ती याचीच. बनवणाऱ्यानंच ठरवलेलं असतं की बिघडलं तर फेकून द्या. मी हिराबाईंना काय सांगणार होते, फेकून द्या?

गरम हवेनं पडदा सोडवला, स्पिरिट आणि दातांच्या जुन्या ब्रशनं सर्किट घासून काढलं. एका मेलेल्या टॅबची बॅटरी जिवंत होती, तीच बसवली. पडदा चालला. चित्र चाललं. त्या रात्री मी निवांत झोपले.

बाजाराच्या दिवशी सकाळी टॅब घेऊन मीच मुकुंदवाडीला गेले. मारुतीनं सुट्टी टाकली होती. पत्र्यावर पाचट आलं होतं. हिराबाईंनी केस विंचरून, नवं लुगडं नेसून तयारी केली होती. टॅब परातीला टेकवून उभा केला आणि मारुतीनं मावशीला कॉल लावला.

चित्र आलं. धरणाच्या भिंतीजवळची मोकळी, भेगाळलेली जमीन, मागे लांबवर गाळातली हिरवट पट्टी, आणि मध्ये गयाबाई. दोघी बहिणींनी हात वर केले आणि जे सुरू झालं ते मी कधी पाहिलं नव्हतं. बोटं, भुवया, खांदे, गाल, सगळं बोलत होतं. चित्र एकदाही अडकलं नाही. मी पडद्याकडे टक लावून बसले होते आणि मनात म्हणत होते, बाबा, आता थांबू नकोस.

गयाबाईंच्या यजमानांनी, म्हणजे मारुतीच्या काकांनी, फोन धरला आणि गयाबाई एकेक मेंढरू पुढ्यात आणू लागल्या. हिराबाई प्रत्येकाकडे बघायच्या, हवेत त्याच्या पाठीवरून हात फिरवायच्या आणि जाऊ दे म्हणून हात पुढे ढकलायच्या. मध्येच एखाद्या मेंढीला बघून मूठ छातीशी घ्यायच्या. त्या मेंढीच्या गळ्यात गयाबाई चिंधी बांधायच्या, ही राहणार. बाकीची त्याच सकाळी गाडीत गेली, हे आत्ताच सांगून टाकते. त्यात कुणाच्या हातात काही नव्हतं.

निवड संपत आली तशा हिराबाईंनी कपाळाच्या मधोमध बोट टेकवलं. पुन्हा टेकवलं. गयाबाईंनी इकडेतिकडे बघितलं.

"चांदी मागती," मारुती मला म्हणाला. "कपाळावर पांढरा ठिपका हाय तिच्या. आईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली."

चांदी कळपात नव्हती. लांब गाळातल्या झुडपांत चार मेंढरं खाली मान घालून चरत होती, त्यात कुठंतरी होती. गयाबाईंनी हाका मारल्या. यजमानांनी शीळ घातली. एकही मान वर झाली नाही. व्यापाऱ्याच्या गाडीनं हॉर्न दिला. फोनवर कुणाचा तरी वैतागलेला आवाज आला, "काकी, उरकता का? ऊन व्हायलं. ती बी चढवू उचलून."

"थांब रं!" गयाबाई ओरडल्या. "ती हिरीच्याच हाकंनं येती."

हिराबाईंना यातलं काही ऐकू आलं नव्हतं. पण समोर काय चाललंय ते दिसत होतं. त्या खाटेवर पुढे सरकल्या, पायाची कळ त्यांच्या तोंडावर दिसली, आणि टॅबला तोंड लावून त्यांनी हाक दिली.

शब्द नव्हता तो. पोटातून निघालेला लांबलचक, घोगरा, शेवटाला थरथरत वर चढणारा आवाज. मी दचकले. मारुती झटकन उठून खिडकी लावायला धावला. मला नंतर कळलं की गल्लीतली पोरं या आवाजाची नक्कल करायची, आणि शहरात आल्यावर त्यानंच आईला ओठांवर बोट ठेवून गप्प राहायला शिकवलं होतं.

पडद्यावर मात्र काहीच हललं नाही. गयाबाई कानावर हात ठेवून खुणावत होत्या, आवाज येत नाय. आणि मला घाम फुटला. टॅबच्या माईकची पट्टी ओलीनं खाल्लेली होती. नवी मिळायला वेळ लागला असता, म्हणून मी ती तशीच सोडून दिली होती. ऐकू न येणाऱ्या, बोलता न येणाऱ्या बाईच्या टॅबला माईक कशाला लागतोय, असा माझा शहाणा विचार.

"काकांकडे दुसरा फोन आहे का?" मी मारुतीला विचारलं.

"बटणाचा हाय."

त्यानं नंबर सांगितला, मी माझ्या फोनवरून लावला. तिकडं काकांनी हातातला फोन दगडाला टेकवून उभा केला आणि खिशातून तो ठोकळा काढला. या साध्या फोनांचा स्पीकर भलता दांडगा असतो, लग्नाच्या वरातीला पुरेल एवढा. "स्पीकर चालू करा आणि गाळाकडं धरा," मी ओरडले. काकांनी हात उंच केला. मी माझा फोन हिराबाईंच्या तोंडाशी धरला आणि खूण केली, पुन्हा.

त्यांनी पुन्हा हाक दिली.

लांब झुडपांत एक मान वर झाली. मग ती मेंढी वळली, क्षणभर थांबली आणि भेगाळलेल्या जमिनीवरून सरळ धावत सुटली. धावत आली ती काकांच्या पायाशीच थांबली. काकांनी हात खाली केला तेव्हा तिनं तो बटणाचा फोन हुंगला, मागून बघितला आणि चाटायला लागली. कपाळावरचा पांढरा ठिपका पडद्यावर इतका स्वच्छ दिसत होता की हिराबाईंनी त्याच्यावर बोट ठेवलं, आणि तिथंच ठेवून राहिल्या. गयाबाई रडत रडत चिंधी बांधत होत्या. मलाही रडू आवरेना. मी चार्जिंगची वायर सरळ करायच्या निमित्तानं खाली वाकले.

वर बघितलं तर मारुती अजून खिडकीशीच उभा होता, हात कडीवर. गल्लीत कुणीतरी खिदळलं, त्या आवाजाची नक्कल केली. मारुतीनं तिकडे बघितलं. मग खिडकीची दोन्ही दारं सताड उघडली, आईसमोर येऊन बसला आणि हातानं तिला सांगितलं, अजून एकदा.